मिनर्व्हा फुल्ल, आर्यनला जा!

दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र आले, की दर वर्षी माझी एकच गत होते. एरवी दर आठवड्याला या पानावर तुमच्याशी चार गोष्टी बोलायला मला अडचण पडत नाही. भाजी महागली, शेजाऱ्यांचे मांजर हरवले, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला, काहीही चालते. पण दिवाळी अंक म्हटला, की लेखणी सणाचे कपडे घालून बसते आणि इस्त्री मोडेल म्हणून हलायला तयार होत नाही!

यंदा मात्र तसे झाले नाही. यंदाचा विषय मला गेल्या दिवाळीतच मिळाला होता. आणि तोही एकलहऱ्याला घरी बसून नव्हे, तर पुण्याच्या मंडईत, एका वाहनतळाच्या तोंडाशी.

झाले असे. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही उभयता पुण्याला नातीकडे गेलो होतो. नात नोकरी करते, स्वतःची गाडी स्वतः चालवते आणि शेजारी बसलेल्या आजोबांना "पट्टा लावा" म्हणून दरडावतेही. आजीला पणत्या हव्या होत्या. त्या नातीच्या घराजवळच्या दुकानात मिळत होत्या, पण मंडईतल्या पणत्यांना तेल कमी लागते असे आमच्या सौभाग्यवतींचे शास्त्र आहे आणि त्या शास्त्रापुढे मी पन्नास वर्षांपूर्वीच हात टेकले आहेत. तेव्हा निघालो मंडईला. तिथे गाड्यांची ही गर्दी! वाहनतळाच्या तोंडाशी एक पोरगेलासा रखवालदार शिट्टी फुंकीत उभा होता. आमची गाडी पाहताच त्याने हात आडवा केला आणि ओरडून सांगितले,

"मिनर्व्हा फुल्ल! आर्यनला जा, आर्यनला!"

नातीने मुकाट्याने गाडी वळवली. मला मात्र क्षणभर आपण कोणत्या सालात आहोत तेच कळेना. साठ वर्षांपूर्वी, याच कोपऱ्यावर, हेच वाक्य मी किती वेळा ऐकले होते! फरक एवढाच, की तेव्हा ते सांगणारा खिडकीवरून तिकिटे न मिळाल्याने हिरमुसून परतणारा एखादा मित्र असे, आणि आम्ही गाडी लावायला नव्हे, तर सिनेमा पाहायला निघालेलो असू.

"आजोबा, हा आर्यन कोण?" नातीने विचारले. तिच्या ओळखीत त्या नावाची तीन मुले आहेत. तिला वाटले, कोणा पुढाऱ्याच्या नातवाचे नाव वाहनतळाला दिले असेल!

"कोण नव्हे, काय," मी म्हणालो. "ते थिएटर होते."

"कुठे?"

"आपण आत्ता जिथे गाडी लावतो आहोत ना, तिथे."

वाचकहो, आर्यन म्हणजे पुण्याचे पहिले चित्रपटगृह. ते १९१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. साल ध्यानात घ्या. पहिले महायुद्ध पेटून सहा महिने झाले होते. लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आल्याला अजून वर्ष व्हायचे होते. सिनेमा तोपर्यंत पुण्याला अगदीच अनोळखी होता असे नाही. पण तो फिरता पाहुणा होता. मोकळ्या जागेत तंबू ठोकायचा, चार दिवस खेळ करायचे आणि गाशा गुंडाळून पुढच्या गावाला जायचे, असा त्याचा संसार. या बिऱ्हाडकरूला पुण्यात कायमचे घर बांधून दिले ते गंगाधरपंत ऊर्फ बापूसाहेब पाठक यांनी. आणि जागाही कशी निवडली, तर मंडईच्या कुशीत! सकाळी जिथे वांगी आणि मेथीच्या जुड्या घ्यायला यायचे, तिथेच रात्री चित्रे पाहायला यायचे. पुढे शेजारी मिनर्व्हा आले आणि मंडईला सिनेमाची जोडगोळी मिळाली.

आता मी राहतो एकलहऱ्याला, नाशिकच्या अंगणात. आणि लिहितो आहे पुण्याच्या थिएटरबद्दल. नाशिककर वाचक म्हणतील, 'खातो आमचे आणि गातो त्यांचे!' तर तसे नाही. आर्यनच्या गोष्टीचे एक टोक नाशिकलाच आहे. दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. विम्याची पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला हा उद्योग. त्यात यश आले तेव्हा दादासाहेबांनी मुंबई सोडून आपले बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशिकला आणले. कारखाना हाच शब्द बरोबर. कारण तिथे नट राहत, जेवत, चित्रे काढली जात आणि फिल्म धुतलीही जाई. घरच्या सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून अंधाऱ्या खोलीत फिल्मच्या पट्टीला भोके पाडायला बसत. १९१७ साली याच नाशिकच्या मुक्कामात 'लंकादहन' तयार झाला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केल्या होत्या. म्हणजे सीतेला सोडवायला निघालेला राम ही स्वतः सीताच! पण प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नाही. पडद्यावर राम दिसला की माणसे हात जोडीत.

हा नाशिकचा 'लंकादहन' पुण्यात आर्यनला लागला, तेव्हा आत शिरण्यासाठी लोटलेल्या गर्दीने थिएटरचे दार मोडायचेच काय ते बाकी ठेवले. पडद्यावर हनुमंताने लंका जाळली आणि पडद्याबाहेर पुणेकरांनी दरवाजावर स्वारी केली! चित्रपटाच्या इतिहासाची पुस्तके हा प्रसंग मोठ्या कौतुकाने सांगतात. मी लहानपणी तो पुस्तकात वाचला नाही. आमच्या वाड्यातले एक म्हातारे शेजारी तो सांगत. त्या वेळी आपण स्वतः दाराला खांदा लावला होता, असे ते शपथेवर म्हणत. पुढे मला मंडईच्या आसपास तसे दार मोडणारे आणखी पाच-सहा म्हातारे भेटले. सगळे खरे बोलत असतील, तर ते दार फारच मजबूत असले पाहिजे.

आमचा वाडा शुक्रवार पेठेत, आर्यनपासून पाच मिनिटांच्या वाटेवर. पण मी आर्यन आतून जितके पाहिले त्याच्या दसपट बाहेरून ऐकले. वडिलांचा नियम असा, की वर्षाला दोन चित्रपट. एक परीक्षेनंतर आणि एक दिवाळीत. बाकीचे चित्रपट आम्ही भिंतीला कान लावून पाहिले. संध्याकाळच्या खेळाला आत गाणे सुरू झाले, की बाहेर बोळात आम्ही चार-पाच पोरे उभी. आतला हशा ऐकून आम्ही हसायचो. आत सामसूम झाली, की नायिकेची आई मरते आहे असे समजून गंभीर व्हायचो. कधी उकाड्यामुळे दार जरा किलकिले ठेवीत, तेव्हा पडद्याची वीतभर पट्टी दिसे. त्या पट्टीत कधी नायकाचा कोट येई, कधी घोड्याचे शेपूट. तेवढ्यावर बाकीचा चित्रपट आम्ही पदरचा घालून पुरा करीत असू. १९५७ साली आण्यांचे नवे पैसे झाले, तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर हिशेबाची जी भांडणे चालत, ती तर फुकटात पाहायला मिळालेली उत्तम करमणूक होती.

आई मात्र कधी आमच्याबरोबर आली नाही. "तुम्ही जाऊन या. माझा पाहून झालाय," एवढेच ती म्हणे. कोणता पाहून झालाय, असे विचारले तर म्हणे, "आठवत नाही बाई. पण आर्यनलाच पाहिला होता." आम्ही हसायचो. सिनेमाचे नाव विसरून थिएटरचे नाव लक्षात ठेवणारी बाई आम्हाला भारी विनोदी वाटे.

१९७० साली मी वीज मंडळाच्या नोकरीत लागलो आणि एकलहऱ्याला आलो. गोदावरीच्या काठी औष्णिक केंद्र नुकते उभे राहत होते. पहिले दोन संच १९७०-७१ साली सुरू झाले. मग १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे आणखी तीन संच आले. आम्हा वसाहतीतल्या लोकांना सिनेमा पाहायचा म्हणजे नाशिकरोडला जायचे. गणेशोत्सवात मात्र वसाहतीच्या मैदानात पांढरे कापड बांधून सिनेमा दाखवीत. उशिरा येणाऱ्यांना पडद्याच्या मागल्या बाजूला बसावे लागे. तिकडून चित्र उलटे दिसते. त्यामुळे आमच्या वसाहतीतल्या अर्ध्या मुलांची अशी समजूत होती, की सिनेमातले सगळे नट डावखुरे असतात!

नाशिकरोडच्या थिएटरात माझी एक निराळीच पंचाईत होत असे. ऐन रंगात वीज गेली, की अंधारात शिट्ट्या सुरू होत आणि मग वीज मंडळाच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी आपला खुर्चीत अंग चोरून बसे. शेजारी एखादा ओळखीचा असला, तर मुद्दाम मोठ्याने विचारी, "काय साहेब, कोळसा संपला वाटतं?"

पण विजेच्या कामामुळे एक फायदा झाला. तिथल्या ऑपरेटरशी माझी दोस्ती जमली आणि मला वरच्या खोलीत प्रवेश मिळाला. जुन्या यंत्रात दिवा नसे, कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांची टोके जवळ आणून एकदिश प्रवाह सोडला, की मध्ये झगझगीत ज्योत पेटते. ती इतकी प्रखर, की काळ्या काचेतूनच पाहावी लागते. कांड्या जळून आखूड होतात, म्हणून त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागतात. ऑपरेटर गप्पांत रमला, की पडदा पिवळा पडे आणि खालून हाकाटी सुरू होई. दोन हजार फुटांचे रीळ सुमारे बावीस मिनिटे चाले. ते संपत आले, की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. तो दिसला, की दुसरे यंत्र सुरू करायचे. खाली बसलेल्या हजार माणसांना त्याचा पत्ताही लागू नये, यातच त्याची कारागिरी.

त्या ऑपरेटरने मला एक गोष्ट सांगितली, ती मी आजवर विसरलो नाही. सेकंदाला चोवीस चित्रे पडद्यावर येतात, पण एक चित्र सरकून दुसरे येईपर्यंत एक पाते उजेड अडवून धरते. नाहीतर सगळे फरकटल्यासारखे दिसेल. "हिशेब करा साहेब," तो म्हणाला, "तीन तासांच्या सिनेमात दीड तास तरी पडद्यावर नुसता अंधार असतो. लोकांना वाटतं, आपण उजेडाचे पैसे दिले!"

मी उजेड तयार करणाऱ्या खात्यातला माणूस. मला ते विनोदासारखे वाटले. त्यातला खरा अर्थ कळायला मात्र बरीच वर्षे लागली.

१९८३ च्या सप्टेंबरात आईचे पोस्टकार्ड आले. ती पत्र क्वचित लिही, आणि लिहिले तर त्यात कोणाचे लग्न ठरले आणि कोणाला मुलगा झाला याखेरीज काही नसे. वडील जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. या कार्डात मात्र तिने लिहिले होते : 'चि. बाळास अनेक आशीर्वाद. आपले आर्यन बंद होणार असे सगळे म्हणतात. जागा गाड्या लावायला हवी आहे म्हणे. एकदा जाऊन यावे असे मनात आहे. तू आलास तर जाऊ. सिनेमा कोणताही चालेल.'

मी ते कार्ड वाचले आणि मला हसू आले. आयुष्यभर "माझा पाहून झालाय" म्हणणाऱ्या आईला आता सिनेमाची हौस आली! माझी तेव्हा शिफ्ट चालू होती. रजा मिळाली नसती असे नव्हे. साहेबांना विचारले असते, तर दोन दिवस मिळाले असते. पण एका सिनेमासाठी नाशिकहून पुण्याला जायचे, हे काही माझ्या मनाला पटले नाही. मी उलट टपाली लिहिले, 'दिवाळीला येतोच आहे, तेव्हा जाऊ. थिएटर कुठे पळून जाते आहे?'

थिएटर पळून गेले. त्याच सप्टेंबरात आर्यनचा शेवटचा खेळ झाला. अडुसष्ट वर्षे चाललेला पडदा बंद झाला. दिवाळीला मी गेलो, तेव्हा आई फराळाचे करीत होती. मी ओशाळून म्हणालो, "आई, आर्यन राहिलं बघ." ती चकल्या पाडता पाडता म्हणाली, "असू दे रे. टी.व्ही.वर रविवारी असतोच की सिनेमा." एवढेच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

१९९१ साली आई गेली. तेराव्याला सगळे गोत जमले होते. जेवणे झाल्यावर माझी धाकटी आत्या माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता आर्यनचा विषय निघाला. मी ती पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली. आणि सांगताना पुन्हा थोडा हसलोही. आत्या हसली नाही.

"तुला माहीत नाही वाटतं?" ती म्हणाली. "वहिनी लग्न होऊन आली ना, त्या वर्षीची गोष्ट. वाड्यात एवढी माणसं. दादा तिच्याशी दिवसा एक शब्द बोलत नसे. बोलण्याची पद्धतच नव्हती. एकदा आई आम्हा सगळ्यांना घेऊन आर्यनला गेली. बायका बायकांच्या बाजूला आणि दादा लांब तिकडे पुरुषांत. मी तेव्हा आठ वर्षांची. मध्यंतरात दादानं मला खूण करून बोलावलं आणि खाऱ्या दाण्यांच्या दोन पुड्या दिल्या. म्हणाला, एक तुला. दुसरी कोणाला, ते सांगितलंच नाही. मीच काय ते समजले. आई बघत नाहीशी पाहून वहिनीच्या हातात पुडी ठेवली. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. पण वहिनी काही तो बघत नव्हती. ती पुडी धरून बसली होती. घरी येईपर्यंत तिनं ती फोडलीसुद्धा नाही."

मी काही बोललो नाही. आत्याच पुन्हा म्हणाली, "सिनेमा कोणता होता, ते मला विचारू नकोस. मलाही नाही आठवत."

'सिनेमा कोणताही चालेल,' असे आईने का लिहिले होते, ते मला आठ वर्षांनी कळले. आणि त्या नाशिकरोडच्या ऑपरेटरचे बोलणेही. त्या पिढीच्या किती माणसांना आपल्या घरात अंधाराचा एवढासा तुकडासुद्धा स्वतःचा म्हणून मिळत नव्हता! तो काही आण्यांत थिएटरात मिळे. पडद्यावर राम असो, तुकाराम असो, की तलवारबाज असो. त्याच्या आडोशाला आपले दोन तास काढायचे आणि दिवे लागले की पुन्हा पदर सावरून सासूबाईंच्या मागून घरी चालू लागायचे.

आर्यन पाडले, ते कोणी दुष्टपणाने पाडले असे मी म्हणत नाही. मंडईत गाड्यांची गर्दी वाढली होती, त्या लावायला जागा हवी होती; आज मीही नातीबरोबर तिथेच गाडी लावतो. आणि हे एकट्या आर्यनचे झाले असेही नाही. दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' जिथे लागला, ते कॉरोनेशन आज गिरगावात शोधून सापडत नाही. देशातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिकमध्ये लागला. तिथे गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले आणि चार आण्यांची तिकिटे चार-पाच रुपयांना गेली. दुसऱ्या वर्षी तिथेच प्रभातचा 'अयोध्येचा राजा' लागला आणि मराठी माणसाने पडद्यावर आपली भाषा ऐकली. ते मॅजेस्टिकही पडले. तिथे दुकानांची इमारत झाली आणि नाव तेवढे इमारतीवर राहिले. १९७२ साली मुंबईला दूरदर्शन सुरू झाले, मग घरोघर व्हिडिओ आला, मग एका छपराखाली चार-चार पडद्यांची थिएटरे आली. जुन्या थिएटरच्या पडद्यापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीला अधिक भाव आला, की पुढचे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मला वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. चित्रपटांचे निदान कोणीतरी बघितले. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. पी. के. नायर यांनी जन्मभर गावोगाव हिंडून जुनी रिळे गोळा केली, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग आज आपल्याला पाहता येतो. 'आलम आरा'ची एकही प्रत उरली नाही, म्हणून आपण हळहळतो, आणि हळहळावेच. पण थिएटरांचे संग्रहालय कुठे आहे? आर्यनमध्ये बायकांची बाजू कोणती होती, पुरुषांची कोणती, दाणेवाला कोणत्या दाराशी उभा राही, हे कोणत्या कपाटात जपून ठेवले आहे? ते फक्त माणसांच्या डोक्यात असते. आणि माणसे तर थिएटरांहूनही लवकर पडतात. आमच्या एकलहऱ्याचेच पाहा. ज्या पहिल्या दोन संचांच्या जन्माला मी हजर होतो, ते पुढे वय झाल्यामुळे बंद झाले. त्यांचे आकडे दप्तरात मिळतील. पण पहिल्या रात्री ते सुरू झाले, तेव्हा आम्ही पोरसवदा कामगारांनी कँटीनमध्ये चहाचे पेले एकमेकांवर आपटून काय जल्लोष केला, ते दप्तरात नाही.

असो. आपण आर्यनच्या दाराशी गाडी उभी करून कुठल्या कुठे आलो!

नातीने गाडी लावली. आत दिवसाही जरा अंधारच होता. आजी पणत्या घ्यायला उतरून गेली. घासाघीस व्हायची असल्यामुळे अर्ध्या तासाची निश्चिंती होती. मी नातीला ही सगळी गोष्ट सांगितली. तुम्हाला सांगितली तशीच. ती शहाणी पोर. मध्ये एकदाही बोलली नाही. गोष्ट संपल्यावर तिने इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "बायकांची बाजू कुठली असेल, आजोबा?"

मी पाहू लागलो. पडदा कुठे होता, दार कुठे होते, आम्ही कान लावीत असू ती भिंत कुठे होती. मला काही म्हणता काही उमगेना. साठ वर्षांपूर्वी डोळे मिटून जिथे चालत आलो असतो, तिथे मी डोळे उघडे ठेवून वाट चुकलो. शेवटी एका खांबाकडे बोट दाखवून म्हणालो, "तिकडे असेल." खरे सांगायचे, तर मी अंदाजाने सांगितले.

नात गाडीतून उतरली. मला वाटले, आजीला पाहायला गेली. पाच मिनिटांनी ती परत आली, तेव्हा तिच्या हातात खाऱ्या दाण्यांच्या दोन पुड्या होत्या. एक तिने मला दिली.

"आणि दुसरी कोणाला?" मी विचारले.

"ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्हीच समजा."

आजी पणत्या घेऊन आली, तेव्हा मी ती दुसरी पुडी तिच्या हातात ठेवली. पन्नास वर्षांच्या संसारात असे काही करायची आम्हाला सवय राहिली नव्हती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हे काय मध्येच? आता जेवायची वेळ झाली." पण पुडी तिने पिशवीत टाकली नाही, घरी पोचेपर्यंत ती हातातच होती, हे मी पाहिले.

दिवाळीत तुमच्या घरी सगळे जमतील. फराळाची ताटे पुढे येतील, मुले फटाक्यांसाठी घाई करतील आणि कोपऱ्यात आजी किंवा आजोबा कोणी विचारण्याची वाट पाहत बसलेले असतील. त्यांना एक प्रश्न जरूर विचारा. पहिला सिनेमा कोणता पाहिला, असे विचारू नका. ते बहुधा त्यांना आठवणार नाही. कुठे पाहिला आणि शेजारी कोण होते, ते विचारा. आणि त्यांनी "एकदा तिथे जाऊन यावे" असे म्हटले, तर शिफ्ट, रजा, गाडी, गर्दी ही कारणे सांगू नका. थिएटर नसले तरी चालेल. वाहनतळाला जा.

तुम्हा सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!